शेकोटी, पडदा आणि मेज : अमेरिकेतील उन्हाळी शिबिराच्या भयकथेचा इतिहास

लोककथा, चित्रपट आणि खेळ हे तीन स्वतंत्र अभ्यासविषय मानण्याची प्रथा विद्यापीठांत रूढ आहे. लोकसाहित्याचा अभ्यासक कथेचे पाठभेद गोळा करतो, चित्रपटाचा अभ्यासक दृश्यांची घडण तपासतो, आणि खेळांकडे बहुधा कोणी गांभीर्याने वळत नाही. या विभागणीमुळे काही विषयांचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी लिहिला जातो व त्यांतील सलगता नजरेआड होते. अमेरिकेतील उन्हाळी शिबिरात घडणाऱ्या खूनसत्राची कथा हा असाच एक विषय होय. ही कथा प्रथम शिबिराच्या शेकोटीभोवती सांगितली गेली. १९८० नंतर चित्रपटाने ती जगभर नेली. आणि पुढे मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांनी तिला आपल्या नियमांत बसविले. या तिन्ही अवस्थांत एक प्रश्न मात्र कायम राहिलेला दिसतो. ज्यांच्यावर इतरांच्या रक्षणाचा भार सोपविला होता, ते ऐन वेळी कोठे होते? या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले असता, ही कथा म्हणजे केवळ रक्तपाताची हौस होय, हे सर्वत्र ऐकू येणारे मत अपुरे ठरते.

१. शिबिर आणि शेकोटी

अमेरिकेतील संघटित शिबिरांचा आरंभ सामान्यतः १८६१ साली झाला असे मानतात. त्या वर्षी कनेक्टिकट राज्यातील फ्रेडरिक गन या शाळाचालकाने आपल्या विद्यार्थ्यांना समुद्रकिनारी तंबूंत राहण्यास नेले. १८८५ साली ‘वाय. एम. सी. ए.’ या संस्थेच्या आश्रयाखाली पुढे कॅम्प डडली या नावाने प्रसिद्ध झालेले शिबिर सुरू झाले. १९०२ मध्ये अर्नेस्ट थॉम्पसन सीटन याने ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ ही मुलांची चळवळ उभारली, तर १९१० मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संस्थेची स्थापना झाली. शहरांच्या वाढीबरोबर मुले निसर्गाला पारखी होत आहेत, अशी चिंता या सर्व प्रयत्नांमागे होती. रानात, तळ्याकाठी, आईवडिलांपासून दूर काही आठवडे राहिल्याने मूल धीट व स्वावलंबी होईल, अशी संस्थापकांची श्रद्धा होती.

सीटनने मूळ अमेरिकी जमातींच्या चालीरीतींचे जे अनुकरण रूढ केले, त्यात रात्रीच्या सभेच्या अग्नीला मानाचे स्थान होते. त्या जमातींशी या अनुकरणाचा संबंध वरवरचाच होता. परंतु शेकोटी मात्र शिबिराच्या दिनक्रमात कायमची रुजली. दिवसभराची शिस्त संपली की मुले विस्तवाभोवती वर्तुळाने बसत, गाणी म्हणत आणि शेवटी गोष्ट ऐकत. ही गोष्ट सांगणारा बहुधा शिबिरातील तरुण पर्यवेक्षक असे. त्याचे वय अठरा-वीस वर्षांचे. मुलांच्या जिवाची राखण करण्यासाठी त्याची नेमणूक झालेली. म्हणजे भीती घालणारा आणि रक्षण करणारा हे दोघे एकच होते. या कथेच्या पुढील सर्व इतिहासाचे बीज या दुहेरी भूमिकेत आहे.

२. क्रॉप्सीची कथा

न्यू यॉर्क राज्यातील शिबिरांत अनेक पिढ्या सांगितल्या गेलेल्या अशा कथांपैकी क्रॉप्सी नावाच्या वेड्याची कथा सर्वांत परिचित आहे. ली हेरिंग आणि मार्क ब्रेस्लरमन यांनी १९७७ साली ‘न्यू यॉर्क फोकलोअर’ या नियतकालिकात तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठभेद पुष्कळ असले तरी कथेचा गाभा ओळखता येतो. शिबिराजवळ राहणारा एक प्रतिष्ठित गृहस्थ; शिबिरातील कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे ओढवलेला त्याच्या अपत्याचा मृत्यू; त्या दुःखाने त्याला लागलेले वेड; आणि सूड घेण्यासाठी त्याचे पुन्हा पुन्हा रानात येणे. सांगणारा गोष्टीचा शेवट बहुधा वर्तमानकाळाशी आणून जोडतो : ती रात्र आजचीच आहे आणि ते रान हेच आहे.

याच सुमारास बिल एलिस या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ‘जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोअर’मध्ये १९८१ साली लिहिलेल्या लेखात शिबिरांतील एका प्रथेचे विवेचन केले. पर्यवेक्षक आधी गोष्ट सांगतात आणि मग त्यांच्यातीलच कोणी झाडीआड दडून ती प्रत्यक्षात उतरवितो; किंकाळी, पळापळ, शोध असा सारा प्रकार रचला जातो. या प्रकाराला एलिसने लुटुपुटीची कसोटी मानले व त्यातील नाट्याचा अंश दाखवून दिला. मुले पूर्णतः फसतात असे नव्हे. पुष्कळांना हा खेळ आहे हे उमगलेले असते, आणि तरीही ती आपला भाग वठवितात. श्रोता येथे केवळ ऐकणारा राहत नाही. तो पात्र होतो. भूमिका-खेळाचे मूलतत्त्व याहून फारसे निराळे नाही.

कथेतील हलगर्जीपणाचा आरोप निव्वळ काल्पनिक नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९६५ साली मेन राज्यात शिबिराच्या जलप्रवासात एक मुलगा बुडून मरण पावला. कनेक्टिकटमधील त्याच्या वडिलांनी त्यानंतर अनेक वर्षे शिबिरांच्या सुरक्षिततेसाठी कायदा व्हावा म्हणून खटपट केली. अमेरिकी काँग्रेसपुढे या विषयावरील विधेयके आली, काही राज्यांनी आपापले नियम कडक केले; परंतु सर्व देशाला लागू होईल असा सर्वंकष कायदा झाला नाही. १९७७ च्या जून महिन्यात ओक्लाहोमा राज्यातील कॅम्प स्कॉट या मुलींच्या शिबिरात, सत्राच्या पहिल्याच रात्री, तीन लहान मुलींचा खून झाला. ज्याच्यावर खटला चालला तो आरोपी १९७९ साली निर्दोष सुटला आणि ते शिबिर पुन्हा उघडले नाही. या घटनेतूनच शिबिर-भयपट निर्माण झाले, असे मानण्यास आधार नाही. क्रॉप्सीची कथा तिच्या कितीतरी आधीपासून प्रचारात होती. तथापि, मुलांना परक्यांच्या हाती सोपविताना पालकांच्या मनात जी शंका असते तिला वस्तुस्थितीचा आधार होता, एवढे यावरून म्हणता येते.

३. पडद्यावरील शिबिर

ज्या चित्रपटप्रकाराला ‘स्लॅशर’ म्हणतात, त्यात एकच मारेकरी, बहुधा मुखवटाधारी, धारदार हत्याराने तरुणांना एकेक करून ठार करतो. या प्रकाराची पूर्वपीठिका हिचकॉकच्या ‘सायको’ (१९६०), मारिओ बावाच्या ‘अ बे ऑफ ब्लड’ (१९७१) व बॉब क्लार्कच्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) या चित्रपटांत शोधली जाते. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’ (१९७८) या अल्पखर्ची चित्रपटाच्या यशाने त्याचा साचा निश्चित केला. त्याच यशाकडे पाहून निर्माता-दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम याने पटकथा पूर्ण होण्यापूर्वीच ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या नावाची जाहिरात ‘व्हरायटी’ या व्यावसायिक पत्रात दिली. पटकथा व्हिक्टर मिलरने लिहिली. चित्रीकरण १९७९ साली न्यू जर्सीतील नो-बी-बॉस्को या स्काउटांच्या खऱ्याखुऱ्या शिबिरात, मुलांचा हंगाम संपल्यावर झाले. सुमारे ५,५०,००० डॉलर खर्चून केलेला हा चित्रपट ९ मे १९८० रोजी प्रदर्शित झाला आणि एकट्या अमेरिकेत त्याने सुमारे ४ कोटी डॉलरांचे उत्पन्न मिळविले.

या चित्रपटाने क्रॉप्सीचे नाव घेतले नाही. परंतु लोककथेचा गाभा त्यात जवळजवळ जसाच्या तसा आढळतो. जेसन नावाचा मुलगा १९५७ साली शिबिराच्या तळ्यात बुडाला, कारण त्याच्याकडे लक्ष ठेवण्यासाठी नेमलेले तरुण प्रणयात दंग होते. पहिल्या चित्रपटातील मारेकरी म्हणजे त्या मुलाची आई, पामेला व्होर्हीस. मुखवटा घातलेला जेसन पुढे इतका प्रसिद्ध झाला की ही गोष्ट अनेकांच्या स्मरणातून गेली आहे. जेसन मारेकरी होतो तो १९८१ च्या दुसऱ्या भागात आणि हॉकीचा मुखवटा त्याला मिळतो तो १९८२ च्या तिसऱ्या भागात. आरंभीची कथा शोकाने वेड्या झालेल्या आईची आहे. उलट, टोनी मेलमच्या ‘द बर्निंग’ (१९८१) या चित्रपटाने लोककथेचे नाव उचलले आणि तिचा गाभा बदलला. त्यातील क्रॉप्सी हा मुलांच्या क्रूर थट्टेत भाजून विद्रूप झालेला शिबिराचा राखणदार आहे. नाव एकीकडे आणि आशय दुसरीकडे, अशी लोककथेची ही वाटणी झाली.

१९८१ च्या वसंतात काही दिवसांच्या अंतराने प्रदर्शित झालेल्या दोन चित्रपटांत, म्हणजे ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागात आणि ‘द बर्निंग’मध्ये, एक प्रसंग जवळजवळ सारखाच आहे. शेकोटीभोवती एक पर्यवेक्षक मारेकऱ्याची गोष्ट सांगतो आणि नेमक्या क्षणी त्याचा साथीदार अंधारातून उडी मारून सर्वांना दचकवितो. एलिसने ज्या वर्षी लुटुपुटीच्या कसोटीचे वर्णन छापले, त्याच वर्षी चित्रपटांनी ती पडद्यावर दाखविली. ‘द बर्निंग’चा शेवटही एका नव्या शेकोटीजवळ होतो. १९८२ चा ‘मॅडमॅन’ तर शेकोटीपासूनच सुरू होतो. त्याची मूळ योजनाही क्रॉप्सीवरच होती व ‘द बर्निंग’मुळे ती बदलावी लागली. या चित्रपटकर्त्यांना आपल्या कथेचे मूळस्थान पुरते ठाऊक होते.

मात्र पडद्यावर येताना दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी की, मुले कथेतून जवळजवळ नाहीशी झाली. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये शिबिर उघडण्याची तयारी चालू आहे आणि शिबिरार्थी अद्याप आलेलेच नाहीत. या मालिकेत शिबिरातील मुले प्रथम दिसतात ती १९८६ च्या सहाव्या भागात. ‘द बर्निंग’ आणि ‘स्लीपअवे कॅम्प’ (१९८३) हे यास अपवाद होत. ज्यांचे रक्षण करावयाचे तेच अनुपस्थित, आणि रक्षक मात्र शिक्षेस पात्र, अशी विलक्षण रचना यातून सिद्ध झाली. दुसरी गोष्ट अशी की, श्रोत्याचा सहभाग संपला. प्रेक्षक ओरडून इशारा देऊ शकतो. पण पात्राला तो ऐकू जात नाही.

समीक्षेनेही या रचनेकडे लक्ष दिले. कॅरल क्लोव्हर हिने १९८७ च्या निबंधात, आणि पुढे १९९२ च्या ‘मेन, विमेन अँड चेन सॉज’ या ग्रंथात, अखेरपर्यंत जगणाऱ्या तरुणीला ‘फायनल गर्ल’ ही संज्ञा दिली. अशी तरुणी इतरांपेक्षा सावध असते. बारीकसारीक खुणा तिच्याच ध्यानात येतात. शिबिर-भयपटाच्या संदर्भात याचा अर्थ असा होतो की, जी राखण सर्वांनी करावयाची ती करणारी हीच एक उरते. व्हेरा डिका हिने १९९० च्या आपल्या ग्रंथाला ‘गेम्स ऑफ टेरर’ असे नाव दिले. या चित्रपटांत भूतकाळातील एक अपराध व त्याचे वर्तमानातील प्रायश्चित्त अशी दुपेडी रचना असते आणि प्रेक्षक तिचे संकेत ओळखण्याचा खेळ खेळत असतो, असे तिचे प्रतिपादन आहे. प्रेक्षकाचा हा खेळ मनातल्या मनातच चाले. तो उघड होण्यास निराळे माध्यम लागले.

४. मेजाभोवतीचा खेळ

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथून प्रसिद्ध झाला आणि भूमिका-खेळ हा प्रकार रूढ झाला. या प्रकारात काही खेळाडू मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो. तो परिस्थितीचे वर्णन करतो. इतर प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय करील हे सांगतो, आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. विस्तव नसला तरी वर्तुळ आहे आणि गोष्ट बोलण्यातूनच उभी राहते.

तथापि शिबिराची भयकथा या साच्यात सहज बसत नव्हती. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील पात्र दीर्घकाळ जगावे आणि उत्तरोत्तर बलवान व्हावे अशी अपेक्षा असते. शिबिरकथेतील बहुतेक पात्रे मरण्यासाठीच असतात. सँडी पीटरसनच्या ‘कॉल ऑफ थुलू’ (१९८१) या खेळाने पात्राचे मनःस्वास्थ्य मोजण्याची सोय करून खेळात भयाला प्रथम स्थिर स्थान मिळवून दिले. पण तेथेही मध्येच मेलेल्या पात्राच्या खेळाडूने उरलेली रात्र काय करावे, ही अडचण शिल्लक होतीच. सिंथिया सेलेस्ट मिलर हिने रचलेल्या ‘स्लॅशर फ्लिक’ या खेळात प्रत्येक खेळाडूकडे महत्त्वाप्रमाणे श्रेणी लावलेली एकाहून अधिक पात्रे असतात. त्यामुळे एक मेले तरी खेळाडू बाहेर पडत नाही. ब्रेट गिलनच्या ‘फायनल गर्ल’मध्ये कायमचा सूत्रधारच नाही. पात्रे सर्वांची सामाईक आहेत आणि मारेकऱ्याची बाजू चालविण्याची पाळी आळीपाळीने येते. भीती घालणाऱ्याची आणि भिणाऱ्याची अदलाबदल शेकोटीपाशी कधीही झाली नव्हती. ती येथे झाली.

एपिडाया रॅव्हॅचॉल व नॅथॅनिएल बार्मोर यांचा ‘ड्रेड’ (२००५) हा खेळ याहून धाडसी आहे. त्यात फासे नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा एक उंच मनोरा मेजावर उभा असतो, आणि पात्राने अवघड कृती करावयाची असेल तर खेळाडूला त्यातील एक ठोकळा हलकेच काढून वर ठेवावा लागतो. ज्याच्या हातून मनोरा कोसळेल त्याचे पात्र कथेतून जाते. रात्र चढते तसतसा मनोरा डळमळू लागतो, आणि पात्राची भीती खेळाडूच्या बोटांत उतरते. एक नियम विशेष महत्त्वाचा आहे. खेळाडूने मनोरा बुद्ध्याच पाडला तर पात्र मरते, पण मरताना आपला हेतू तडीस नेते. चित्रपटातील तरुण बेफिकिरीमुळे मरतात. या खेळातील पात्राला इतरांना वाचविण्यासाठी मरण पत्करण्याची वाट मोकळी आहे.

आणखी एक पेच उरतो. खेळाडूने चित्रपट पाहिलेले असतात. अंधाऱ्या तळघरात एकट्याने जाऊ नये हे त्याला पक्के माहीत असते. पात्राने मात्र जावे लागते, नाही तर कथा पुढे सरकत नाही. ‘ऑनिक्स पाथ’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘दे केम फ्रॉम...’ या खेळमालेने यावर युक्ती काढली. चित्रपटांतील ठरावीक संवाद आणि संकलनाचे संकेत तिने खेळाडूंच्या हाती साधने म्हणून दिले. मालेचा आरंभ सागरातून येणाऱ्या आक्रमकांच्या जुन्या चित्रपटांवरील खेळाने झाला, आणि ‘दे केम फ्रॉम कॅम्प मर्डर लेक!’ या खेळात ती शिबिर-भयपटांकडे वळली. डिकाने प्रेक्षकाच्या मनात चालणारा जो खेळ दाखविला होता, तो येथे नियमबद्ध झाला.

कथेच्या मालकीचा प्रश्नही येथे विचारात घेतला पाहिजे. शेकोटीवरील कथा कोणाचीच नव्हती आणि म्हणून सर्वांची होती. चित्रपटाने तिला मालमत्तेचे रूप दिले. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या मूळ पटकथेच्या हक्कांविषयी लेखक मिलर व निर्मात्यांकडील कंपनी यांच्यात दावा चालला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या विभागीय अपील न्यायालयाने मिलर हा पगारी नोकर नव्हता असे ठरवून त्याच्या बाजूने निर्णय दिला. तळे, शिबिर आणि सूड हे लोककथेचे घटक मात्र या मालकीच्या कक्षेत येत नाहीत. वर उल्लेखिलेले खेळ नवी नावे घेऊन त्याच घटकांवर उभे राहतात, आणि प्रत्येक मेजावर कथेचा एक नवा पाठ तयार होतो.

५. राखणदाराचा प्रश्न

या दोन्ही माध्यमांवर समाजाने जवळजवळ एकाच काळात दोषारोप केले, ही गोष्ट योगायोगाची नाही. १९८० साली जीन सिस्केल व रॉजर एबर्ट या समीक्षकांनी दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमात स्त्रियांचा पाठलाग दाखविणाऱ्या अशा चित्रपटांवर कडक टीका केली. ब्रिटनमध्ये ‘द बर्निंग’चे नाव आक्षेपार्ह व्हिडिओफितींच्या सरकारी यादीत आले, आणि १९८४ साली तेथे व्हिडिओफितींवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. अमेरिकेत १९८३ साली, मुलाच्या आत्महत्येने व्यथित झालेल्या एका आईने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’विरुद्ध संघटना उभारली. आरोपांतील कार्यकारणभाव टिकण्यासारखा नव्हता. पण त्यामागचे दुःख खरे होते. मूल गमावलेली आणि दोषी कोण याचा शोध घेणारी आई हेच पहिल्या शिबिर-भयपटाचे मध्यवर्ती पात्र असावे, हा योग चिंतनीय आहे.

स्त्रियांविषयीच्या आक्षेपात तथ्य होते हेही नाकारता येत नाही. अनेक अनुकरणपटांत लोककथेतील जबाबदारीचा प्रश्न केवळ निमित्तापुरता उरला आणि प्रणयाची शिक्षा मृत्यू, एवढेच सूत्र शिल्लक राहिले. बुडालेल्या मुलाची आठवण विसरली गेली की कथा निव्वळ शिरगणती होते. मालिकेच्या उत्तरार्धातील भाग याची साक्ष देतात.

भूमिका-खेळांच्या वर्तुळात हा प्रश्न निराळ्या वाटेने परत आला. भयाची गोष्ट सर्वांनी मिळून रचावयाची तर कोणाला काय सोसवेल याचा विचार आधी करावा लागतो. रॉन एडवर्ड्स याने २००३ च्या एका पुरवणीग्रंथात कथेत मुळीच आणावयाच्या नाहीत अशा गोष्टी, आणि घडल्या तरी पडद्याआड ठेवावयाच्या अशा गोष्टी, हा भेद मांडला. पुढे जॉन स्टॅव्ह्रोपोलस याने ‘एक्स-कार्ड’ सुचविले. फुली काढलेला एक कागद मेजाच्या मध्यभागी ठेवायचा; ज्याला प्रसंग असह्य होईल त्याने त्याला हात लावायचा, की कारण न विचारता तो भाग कथेतून वगळला जातो. काही खेळाडूंना अशा उपायांनी भयाची धार बोथट होते असे वाटते. पण थांबण्याची खात्री असल्यामुळेच मनुष्य अंधारात अधिक पुढे जाण्यास धजतो, हाही अनुभव आहे. शिबिरातील मुलाला शेकोटीवरून उठून घरी जाण्याची सोय नव्हती. त्याची भिस्त सर्वस्वी गोष्ट सांगणाऱ्याच्या विवेकावर होती.

सारांश, या कथेचा प्रवास वर्तुळाकडून पडद्याकडे आणि पडद्याकडून पुन्हा वर्तुळाकडे झाला आहे. शेकोटीपाशी भीती घालणारा आणि राखण करणारा एकच होता. त्याच्या हातून राखण चुकली तर काय होईल, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगत असे. चित्रपटाने ती चूक प्रत्यक्ष दाखविली व रक्षकांना शिक्षा केली. मात्र प्रेक्षकावर कोणतेही उत्तरदायित्व ठेवले नाही. मेजाभोवती भीती आणि राखण ही दोन्ही कामे सर्वांमध्ये वाटली गेली. लोककथेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या नियमांनी पूर्णतः दिले असे म्हणता येणार नाही, कारण तो प्रश्न खऱ्या तळ्यांचा आणि खऱ्या मुलांचाही आहे. परंतु गोष्ट ऐकणाऱ्यांकडे लक्ष ठेवणे हा गोष्ट सांगण्याचाच भाग आहे, ही जाणीव या खेळांनी लेखी नियमांत उतरविली. शेकोटीभोवतीच्या तरुण कथेकऱ्यांकडून हीच अपेक्षा होती. ती लिहून ठेवण्याची गरज मात्र तेव्हा कोणाला वाटली नव्हती.